जुन्या नकाशांतून लोणावळा

लोणावळ्याचा जुना नकाशा हवा म्हणून एकच टोपोशीट मागवणाऱ्याच्या हाती अर्धेच गाव पडते. उत्तर अक्षांश १८ अंश ४५ मिनिटांची रेघ या गावावरूनच जाते आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटांची कडही त्याच रेघेवर येते. वळवण आणि खंडाळा '४७ एफ/५' मध्ये, तर भुशी धरण '४७ एफ/६' मध्ये. दोन्ही शीटांची पाहणी एकाच साली झाली असेल असेही नाही. गावाच्या बदलाचा अभ्यास करायला बसलेल्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासलेली बरी; नाहीतर वरचा अर्धा भाग एका काळातला आणि खालचा दुसऱ्याच, असे गाव कागदावर तयार होते.

शीटांच्या क्रमांकांमागचे गणित सोपे आहे आणि ते कुठल्याही गावाला लावता येते. ४७ क्रमांकाचा मोठा चौकोन १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश एवढा प्रदेश व्यापतो. त्याचे एक-एक अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजीतली ए ते पी ही अक्षरे. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, त्यांना १ ते १६ आकडे. मोजणी पश्चिमेच्या रांगेपासून, वरून खाली. फोनवर गावाचे अक्षांश-रेखांश पाहिले की शीटाचा नंबर घरबसल्या निघतो. वाई साधारण १७ अंश ५७ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५३ मिनिटे पूर्व, म्हणजे ४७ जी/१३. सर्वेक्षण विभागाच्या नव्या 'ओपन सिरीज' नकाशांचे क्रमांक निराळ्या पद्धतीने दिलेले असतात. ते ऑनलाइन मिळतात, पण जुन्या ग्रंथालयांतल्या सूचींमध्ये चालतो तो हा जुनाच नंबर.

नकाशा हातात आला की गाव शोधायला धावू नये. आधी समास वाचावा. कुठल्या साली पाहणी झाली, कुठल्या साली छापला आणि मधल्या काळात कोणत्या दुरुस्त्या केल्या, हे तिथे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ही तीन साले क्वचितच एक असतात. नवीन आवृत्ती काढताना अनेकदा नवे रस्ते, नवे लोहमार्ग तेवढे भरले जातात आणि घरे मात्र आधीच्या पाहणीतली तशीच राहतात. अशा शीटवर नव्या रस्त्याच्या कडेला एकही घर दिसत नाही. त्यावरून 'रस्ता आला तेव्हा इथे वस्ती नव्हती' असे अनुमान काढणारे लेख नेहमी वाचायला मिळतात आणि त्यातले बरेच या समासापाशीच कोसळतात. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली भारताची अडीच लाखांस एक प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. छपाई पन्नाशीतली, पण माहिती त्याआधीच्या सर्वेक्षणांतून घेतलेली. कोणता भाग कोणत्या आधारावर काढला, याचा छोटा तक्ता समासातच असतो. तो न पाहता '१९५५ चा लोणावळा' असे लिहू नये.

दुसरी तपासणी प्रमाणाची. पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. दहा मीटर रुंदीचा रस्ता खऱ्या मापाने काढला तर ०.२ मिलिमीटर भरेल, डोळ्यांना जेमतेम दिसेल. म्हणून तो चिन्ह म्हणून जाड काढतात. त्यावर पट्टी ठेवून 'रस्ता तिप्पट रुंद झाला' असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. जुन्या शीट एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या, म्हणजे त्रेसष्ट हजार तीनशे साठास एक. वस्ती कोणत्या दिशेला पसरली, तळे कधी उगवले, वाट कुठून वळली, यासाठी टोपोशीट उत्तम. कोणत्या गल्लीत कोणते घर होते, हे तिला विचारू नये.

नकाशे जमवण्याआधी गावाच्या आयुष्यातल्या मोठ्या घटनांची एक यादी करून ठेवली की शोध नेमका होतो. लोणावळ्याची यादी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये आगगाडी घाटाच्या पायथ्याला खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीने, घोड्यावरून नाहीतर पायी पार करावा लागे. ही अर्धवट अवस्था पाच वर्षे टिकली. घाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच काळात, १८५९ मध्ये वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. म्हणजे १८६० च्या सुमाराचा नकाशा मिळाला तर त्यात लोहमार्गाचे टोक खंडाळ्याला सापडले पाहिजे. नंतरच्या नकाशांत मात्र घाट चढून आलेल्या गाड्यांचे ठाणे म्हणून लोणावळा वाढताना दिसतो.

याच घाटात एक छान परीक्षा दडलेली आहे. जुन्या मार्गावर 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. गाडी चढून तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. नकाशावर ही जागा अणकुचीदार कोपऱ्यासारखी दिसते; लोहमार्ग येतो, संपतो आणि त्याच टोकातून दुसरीकडे निघतो. १९२९ च्या सुमारास नव्या बोगद्यांतून मार्ग वळवला गेला आणि हा कोपरा वापरातून गेला. तेव्हा साल फाटलेली, समास कापलेली शीट हातात आली आणि घाटात तो कोपरा दिसला, तर पाहणी त्याआधीची असे म्हणायला आधार मिळतो. प्रत्येक गावात अशी एखादी तारीख माहीत असलेली खूण असतेच. एखादा पूल, साखर कारखाना, बंधारा, धर्मशाळेच्या जागी आलेले बसस्थानक. ती आधी हेरून ठेवावी.

यादीतली पुढची नोंद पाण्याची. भुशीचे धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले होते. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. १९११ मध्ये टाटांच्या जलविद्युत योजनेचे काम लोणावळ्याला सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात सोडले गेले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९११ पूर्वीची शीट आणि नंतरची शीट शेजारी ठेवली की खोऱ्यांच्या जागी निळा रंग आलेला दिसतो. पण खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. निळ्याखाली काय होते, याचे उत्तर टोपोशीट देत नाही. ते महसुली नकाशात आहे.

महसुली नकाशे म्हणजे शेतसाऱ्यासाठी काढलेले नकाशे. मुंबई इलाख्यात त्यासाठीच्या मोजणीची पद्धत १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही जमिनीच्या बोलण्यात गुंठा आहे तो त्या साखळीमुळे. या मोजणीतून गाव नकाशा तयार झाला, प्रत्येक सर्व्हे नंबरचे टिपण झाले आणि क्षेत्र व आकार दाखवणारा आकारबंद झाला. पुढे जमिनीचे हिस्से पडले तशी फाळणी आली आणि १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले.

हे कागद तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात; लोणावळा मावळ तालुक्यात, तेव्हा त्याची चौकशी वडगावला. खिडकीशी जाऊन 'गावाचा इतिहास पाहायचा आहे, जुने नकाशे द्या' म्हटले तर बहुधा काहीच हाती लागत नाही. नेमक्या नावाने मागावे: अमुक मौजेचा गाव नकाशा, अमुक सर्व्हे नंबरचे टिपण, फाळणी उतारा, जुना आकारबंद, एकत्रीकरण झाले असेल तर सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचा मेळ दाखवणारे पत्रक. रीतसर नक्कल अर्ज करावा आणि अर्जात मौजेचे नाव लिहावे, कारण महसुली लेखी 'लोणावळा' म्हणजे आज आपण म्हणतो ते सगळे शहर नव्हे. तुंगार्ली, वळवण, भुशी, नांगरगाव, खंडाळा या सगळ्यांचे नकाशे वेगवेगळे. काही जुने अभिलेख राज्य शासनाने स्कॅन करून ऑनलाइनही दिले आहेत; खेटे घालण्याआधी ते पाहावे.

गाव नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट चक्रावते. त्यात प्रत्येक शेत आहे, ओढा आहे, पाणंद आहे, शीव आहे. फक्त गाव नाही. गावठाणाची नुसती बाह्यरेषा आणि आत पांढरा कागद. सारा शेतीवर होता, घरांवर नव्हता, म्हणून घरे मोजायचे कारणच नव्हते. नकाशा ज्या कामासाठी काढला तेच तो दाखवतो, हे या पांढऱ्या डागाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे कळत नाही. लष्करासाठी उपयोगी नकाशात वाटा आणि टेकड्या ठसठशीत. महसुली नकाशात बांध ठसठशीत. रेल्वेच्या नकाशात मार्गापासून थोडे दूर गेले की जग संपते. म्हणून एकाच काळाचे दोन वेगळ्या खात्यांचे नकाशे मिळाले तर ते एकाच मालिकेतल्या दोन वेगळ्या काळांच्या नकाशांइतकेच मोलाचे.

गावठाणातला पांढरा भाग भरून काढायचा तर नगर भूमापनाची शीट हवी. जिथे सिटी सर्व्हे झाला आहे तिथे प्रत्येक मिळकतीला नंबर असतो, मोठ्या प्रमाणाचा नकाशा असतो, मिळकत पत्रिका असते आणि त्याहून रंजक अशी चौकशी नोंदवही असते. भूमापनाच्या वेळी कोण, कशाच्या आधारावर, कोणत्या वापरासाठी जागा धरून होते, ते तिच्यात आढळते. दुकान, वखार, तबेला, पडकी जागा. चौकशी नोंदवही आणि आजची गल्ली यांच्यात जे अंतर पडले, तो बाजारपेठेचा इतिहास. धारकांची नावे मात्र लेखात छापू नयेत. इतिहासाला 'एक वखार' पुरते, आणि जमिनीचे वाद कुठे झोपलेले असतील सांगता येत नाही. नकाशा घेऊन बांधावर उभा राहिलेला माणूस मोजणीलाच आला आहे, असे गाव समजते. त्याची तयारी ठेवावी.

सर्व्हे नंबरांच्या रेषा शहरातही मरत नाहीत. बंगल्याची कुंपणभिंत मध्येच का मुरडते, एखादी सोसायटी त्रिकोणी का, सरळ रस्ता अचानक काटकोनात का वळतो, याचे उत्तर बहुतेक वेळा जुन्या बांधात किंवा पाणंदीत असते. लोणावळ्यासारख्या बंगल्यांच्या गावात ही तपासणी करायला मजा येते.

टोपोशीट आणि महसुली नकाशा यांच्या जोडीला गॅझेटियर घ्यावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत निघाला आणि शेवटच्या भागात गावांची वर्णने आहेत. राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड ऑनलाइन दिले आहेत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांची ग्रंथालयेही चाळावीत. परदेशी संग्रहांच्या सूचींत शोधताना नावाची जुनी इंग्रजी रूपे वापरावी लागतात. लोणावळ्याचे लॅनोली किंवा लानौली, खोपोलीचे कॅम्पूली. आजचे स्पेलिंग टाकून काहीच मिळाले नाही म्हणून शोध सोडणारे बरेच असतात.

आता नकाशे एकावर एक ठेवण्याचे काम. संगणक नको असेल तर ट्रेसिंग पेपर आजही कामाचा आहे, फक्त दोन्ही नकाशे आधी झेरॉक्सवाल्याकडून एकाच प्रमाणात आणून घ्यावेत. संगणकावर करायचे तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. त्यात स्कॅन केलेल्या नकाशावरचे काही बिंदू आजच्या नकाशावरच्या त्याच ठिकाणांशी जोडायचे असतात. टोपोशीटला तर तेही नको, तिच्या चार कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेलेच असतात. मात्र जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर आधारलेल्या आहेत, तर फोनमधले जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. ही निवड चुकली तर सगळे गाव कित्येक मीटर बाजूला सरकते आणि लोक 'ओढ्याने पात्र बदलले' असे शोध लावतात.

गाव नकाशावर असे कोपरे नसतात. तिथे न हललेले बिंदू शोधावे लागतात: जुना दगडी पूल, विहीर, तीन शिवा मिळतात ती जागा, धरणाच्या भिंतीची टोके. तलावाची कड घेऊ नये, ती महिन्यागणिक बदलते. रस्त्याचे वळण घेऊ नये. मंदिर घ्यावे, पण जीर्णोद्धार त्याच जागी झाला की शेजारी, हे पुजाऱ्याला विचारून. तीन-चार बिंदूंवर जोडणी होते, पण तेवढ्यावर थांबू नये. आठ-दहा घ्यावेत आणि ते नकाशाच्या कडांपर्यंत पसरलेले असावेत. दोन बिंदू जोडणीत न वापरता बाजूला ठेवावेत आणि शेवटी ते जागेवर बसतात का पाहावे. सॉफ्टवेअर सांगते त्या सरासरी चुकीपेक्षा ही चाचणी जास्त खरी. चूक वीस मीटर निघाली तर वीस मीटरपेक्षा लहान बदलाबद्दल गप्प राहावे.

नकाशांमधली पोकळी उपग्रहचित्रे भरून काढतात. अमेरिकेच्या 'कोरोना' हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. ती अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या 'अर्थ एक्सप्लोरर' या संकेतस्थळावर शोधता येतात. कुणी आधी स्कॅन करवून घेतली असतील तर फुकट उतरवता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नसलेला, एकाच महामार्गाचा लोणावळा त्यांत पाहता येईल. १९७२ पासूनची लँडसॅट चित्रे जाड ठिपक्यांची, तलाव आणि जंगल यांच्यापुरतीच उपयोगी. अलीकडच्या वर्षांसाठी गूगल अर्थवरची मागची चित्रे आहेत. बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. तो 'असताना' आणि 'नसताना' अशी दोन चित्रे काढून बघणे हा नवशिक्यासाठी चांगला सराव आहे. तुलना करताना महिना मात्र एकच ठेवावा. ऑक्टोबरचा वळवण तलाव आणि मेमधला वळवण तलाव शेजारी ठेवून तलाव आटत चालल्याची बातमी करणे सोपे असते.

कोऱ्या जागेबद्दल आणखी एक सावधगिरी. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या दोन मालिका केल्या, एक संरक्षणासाठी आणि एक सर्वांसाठी. सर्वांसाठीच्या नकाशांत संरक्षणदृष्ट्या नाजूक ठिकाणे गाळलेली असतात. नौदलाची प्रशिक्षण संस्था आयएनएस शिवाजी १९४५ पासून लोणावळ्यात आहे. अशा गावात खुल्या नकाशावर काही दिसत नाही म्हणून 'इथे माळ होता' असे लिहिणे धोक्याचे. मिळाले नाही ते विचारत बसू नये, आणि लक्ष्मणरेषा ओलांडून फोटोही काढू नयेत.

नकाशा आणि जनगणना शेजारी ठेवली की कधी कधी दोघांचे भांडण लागते, आणि ते फार उपयोगी असते. लोणावळा नगरपालिकेची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण ५५ हजार आणि २०११ मध्ये ५७ हजारांहून किंचित जास्त. जेमतेम दोन हजारांची वाढ. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यानंतरचे हे दशक. याच काळातली उपग्रहचित्रे पाहिली तर इमारतींची वाढ या आकड्याला जुळेल का, हे वाचकाने स्वतः मोजून पाहावे. स्पष्टीकरण शोधायच्या जागा दोन. एक, शनिवार-रविवारचे बंगले आणि हॉटेले, ज्यांतली माणसे जनगणनेत मुंबईला किंवा पुण्याला मोजली जातात. दुसरी, हद्द. वरसोली, वाकसई, कुसगाव, कुणे ही गावे नगरपालिकेच्या बाहेरची, त्यांच्यातली वाढ लोणावळ्याच्या आकड्यात येत नाही. म्हणून प्रत्येक काळाच्या नकाशावर त्या काळची पालिकेची हद्द वेगळ्या रंगाने काढून ठेवावी.

नगर रचनेचा विकास आराखडा हाही नकाशाच, पण तो भविष्याचा. राज्याच्या १९६६ च्या नगर रचना कायद्यानुसार आराखड्याआधी 'विद्यमान जमीन वापर नकाशा' करावा लागतो. अभ्यासाला हवा तो हा. आराखड्यात हिरवे दाखवलेले उद्यान प्रत्यक्षात आले असेलच असे नाही; तीस वर्षांपूर्वी आरक्षण पडलेली जागा आज काय आहे हे जाऊन पाहण्यासारखे असते.

सुरुवात करणाऱ्याने सगळे गाव घेऊ नये. लोणावळ्यात स्टेशन आणि जुना महामार्ग यांच्यामधली बाजारपेठ एवढा तुकडा पुरे. सिटी सर्व्हेची शीट, विद्यमान जमीन वापर नकाशा आणि चालू वर्षाचे उपग्रहचित्र, असे तीन थर. मग छापील प्रत हातात घेऊन सकाळी दुकाने उघडण्याआधी चालावे, कारण नंतर दगडी जोते आणि जुने खांब फळ्यांमागे आणि मालामागे लपतात. जुन्या दुकानदारांना 'पूर्वी इथे काय होते' असे न विचारता नकाशावरचा चौकोन दाखवून 'ही वखार कोणत्या बाजूला उघडायची' असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर येते. घरी आल्यावर कागदाने सिद्ध झालेली रेषा अखंड काढावी, अंदाजाची तुटक, ऐकीव माहितीची ठिपक्यांची, आणि प्रत्येकीशेजारी साल व आधार लिहावा. जो तुकडा कशातच सापडला नाही तो कोराच सोडून तिथे अजून पाहायच्या शीटाचा नंबर टिपून ठेवावा.